मीच विकलेली लाल सायकल

ऐंशीच्या दशकात नाशिकला सायकलवाल्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे मी सगळे दिवस जीव तोडून सायकल चालवली आणि जागची तसूभरही हलले नाही...

हसू नका. मैदानात मांडव, मांडवात स्टॉल आणि स्टॉलमध्ये फिरत्या रोलरवर ठेवलेली लालभडक रेसिंग सायकल. तिच्यावर मी. जिल्ह्यातल्या मुलींच्या शर्यतीत तेव्हा माझा पहिला नंबर ठरलेला असायचा, म्हणून स्टॉलवाल्या अण्णांनी मला बोलावलं होतं. गावोगावचे दुकानदार माल बघायला यायचे आणि मी त्यांच्यापुढे पॅडल मारायचे. खोटं कशाला बोलू, सर्कशीतल्या अस्वलासारखं वाटायचं.

पण मला ती सायकल हवी होती. पुढच्या रविवारी घोटीच्या रस्त्यावर राज्याच्या टीमची निवड चाचणी होती. माझ्याकडे होती बाबांची जुनी काळी सायकल, ज्यावरून ते एकलहऱ्याच्या पॉवर हाऊसला ड्युटीवर जायचे. चढावर तिचा काय निभाव लागणार? अण्णांनी शब्द दिला होता, "प्रदर्शन संपलं की ही लाल तू घेऊन जा. चाचणी झाली की आणून दे."

अण्णांच्या या शब्दाबद्दल बाबांना मी काही सांगितलं नव्हतं. एकदम लाल सायकलवरून दारात उतरायचं, असं मनाशी ठरवलं होतं.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी बाबा आले. शिफ्ट संपवून सरळ आलेले, कॉलरवर कोळशाची काजळी तशीच. मागे एका खांबाला टेकून उभे राहिले. माझी एकही शर्यत त्यांना बघायला मिळाली नव्हती, नेमकी त्या दिवशी ड्युटी असायची...

मग काय विचारता. अंगात आल्यासारखी सुटले. हात सोडून चालवली, उभी राहून चालवली... शेजारच्या स्टॉलवरची माणसंही गोळा झाली. मला दिसत होते फक्त बाबा. ते चक्क टाळ्या वाजवत होते.

मी उतरले तोवर नामपूरच्या एका दुकानदाराने अण्णांना गाठलं होतं. "हाईच गाडी जोयजे माले," मला हीच हवी म्हणून अडून बसला. अण्णा म्हणाले, अशीच दुसरी मागवून देतो. तो ऐकेना. या पोरीने चालवलेलीच दुकानात लावायची, नाहीतर बाकीची ऑर्डर राहू द्या म्हणाला...

अण्णांनी ऑर्डर राखली. "पोरी, माझा नाइलाज झाला गं," म्हणाले आणि मान खाली घातली. नाइलाज म्हणे... असा राग आला होता की त्यांचा मांडव पेटवावा. पण तोंड उघडलं असतं तर बाबांसमोर रडूच फुटलं असतं. सायकल माझ्यादेखत टेम्पोत चढली.

घरी बाबांच्या मागे कॅरिअरवर बसून आले. ते वाटभर बोलत होते. मी त्यांच्या पाठीआड तोंड लपवून हं हं करत होते.

रविवारी काळ्या सायकलवर गेले. पहिल्याच चढाला मागे पडले ती पडलेच. "प्रदर्शनात फार दमलीस गं तू," बाबा म्हणाले. मी हो म्हटलं. नंतर नोकरी, लग्न... पुन्हा चाचणीला उभी राहिले नाही. वाईट अजूनही वाटतं.

बाबांनी मात्र ती संध्याकाळ जन्मभर सांगितली. शेजाऱ्यांना, पाहुण्यांना, माझ्या सासरच्यांना... "आमच्या पोरीनं अशी चालवली, अशी चालवली, की बघणाऱ्यानं तिथल्या तिथं सायकल विकत घेतली." त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात अभिमानाची गोष्ट. मी चहाच्या निमित्ताने आत निघून जायचे.

गेल्या महिन्यात बाबा गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांचे पॉवर हाऊसमधले जुने मित्र आले होते. त्यातले एक काका म्हणाले, "सायकलवाली ती तूच ना? सांग की काय झालं होतं, तुझा बाप फार रंगवून सांगायचा."

मी सांगितलं. बाबा सांगायचे तसंच, हातवारे करून... टाळ्यांपर्यंत आले आणि थांबले.

पुढचं आज पहिल्यांदा लिहितेय. आता ते कळून वाईट वाटून घ्यायला बाबा नाहीत.