उरलेली स्प्रिंग

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी आणि बायकोचा धाकटा भाऊ चाकणच्या बाजाराला निघालो होतो. भोसरी सोडली आणि फटफटी बंद पडली. जवळ फक्त एक पक्कड होती. तिनेच कार्बुरेटर खोलला, सुटे भाग रस्त्याकडेच्या म्हसोबासमोर माझ्या टोपीत ठेवले आणि बाभळीच्या काट्याने भोकं साफ केली. सगळं पुन्हा बसवलं, तर टोपीत एक स्प्रिंग उरली. ती कुठली, दोघांनाही कळेना. मी डोकं धरून बसलो. मेहुण्याने किक मारली, तर फटफटी चालू!

"दाजी, जिच्यावाचून अडत नाही, ती देवाला वाहून टाका."

मी वैतागून ती म्हसोबापुढे आपटली.

संध्याकाळी परतताना फटफटी नेमकी तिथेच थांबली. म्हसोबा कोपला की स्प्रिंग नडली, मला आजही सांगता येणार नाही. स्प्रिंग जागेवरच होती, पण दिवसभरात कोणीतरी तिला शेंदूर फासून फूल वाहिलं होतं. मी हात पुढे केला, तो मेहुण्याने धरला.

"दाजी, आता ती आपली राहिली नाही."

भोसरीपर्यंत फटफटी ढकलत नेली. पण निघण्याआधी, का कोण जाणे, मी त्या स्प्रिंगच्या पाया पडलो.