जमादाराच्या चहातली साखर

आमच्या कंपनीच्या बसमध्ये इंजिनच्या झाकणावर एक जुनी गादी टाकलेली असते. त्या गादीवर प्रवाशांकडे तोंड करून बसायचा मान गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. मान कसला, खालून इंजिन तापतं, उन्हाळ्यात बूड भाजून निघतं, आणि ब्रेक लागला की मी पाठीमागे काचेवर आपटतो. तरी मान तो मानच. मनीषनगरहून हिंगण्याला पोचेपर्यंत मी तिथे बसून सगळ्यांना रहस्यकथा वाचून दाखवतो. शाळेच्या गॅदरिंगमध्ये माझ्या आवाजाला एकदा टाळ्या पडल्या होत्या, तेवढ्या भांडवलावर हे चाललंय. कारखान्यात माझं काम क्वालिटीचं, म्हणजे दुसऱ्यांनी घडवलेले पार्ट गेज लावून नापास करायचे. त्यामुळे दिवसभर माझ्याशी कुणी धड बोलत नाही आणि सकाळी मात्र सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसतात.

वाचायचो ते एकाच लेखकाचं. त्याचं नाव इथे घेत नाही. भाऊबंदकीत बोलणं तुटलेल्या माणसाचं नाव घरात जसं टाळतात, तसं समजा. त्याच्या सगळ्या पुस्तकांचा नायक एकच, तालुक्याच्या गावातला निवृत्त पोलीस जमादार. पिस्तूल नाही, मोटार नाही, गुडघे वाजतात आणि वरून मधुमेह. हा कुणाच्याही ओट्यावर जाऊन बसायचा, बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करत प्यायचा आणि समोरच्याला बोलू द्यायचा. खुनी पुस्तकभर आपल्या डोळ्यांसमोर वावरत असायचा. शेवटच्या प्रकरणात जमादार एकेक खूण उचलून दाखवायचा आणि अख्खी बस कपाळावर हात मारायची. लेखक फसवायचा, पण आपल्या देखत फसवायचा. आमची कधी तक्रार नव्हती.

या सचोटीवरच बसमध्ये एक रीत पडली होती. आम्ही तिला ‘नाव लावणं’ म्हणायचो. शेवटचं प्रकरण आलं की शनिवारी घरी परतताना पुस्तक मिटायचं आणि प्रत्येकाने गुन्हेगाराचं नाव सांगायचं, कारणासकट. सोमवारी सकाळी मी शेवट वाचायचो. ज्याचं बरोबर येईल त्याला आठवडाभर दाराजवळची एकट्याची सीट. ती एकच सीट अशी, जिथे वारा लागतो आणि शेजारच्याचं डोकं खांद्यावर पडत नाही. पुढचं वाचायची परवानगी कुणालाच नाही. फक्त मला रविवारी, आवाजाच्या तयारीसाठी. माझ्यावर सगळ्यांचा तेवढा भरवसा होता.

सगळ्यात जास्त वेळा त्या सीटवर बसलेला माणूस म्हणजे मेंटेनन्सचे फिटर भाऊ. ते नाव लावताना घाई करायचे नाहीत. मशीनला कान लावतात तसा पुस्तकाला कान लावायचे. त्या उन्हाळ्यात ते रिटायर व्हायचे होते, आणि नेमकं तेव्हाच जमादाराचं नवं पुस्तक येणार अशी बातमी आली. भाऊंनी मला गेटवर गाठलं आणि म्हणाले की शेवटचं नाव लावून जिंकायचं, दाराजवळच्या सीटवरूनच कंपनी सोडायची. बाकी शाल-नारळ तुम्ही काय द्यायचं ते द्या.

पुस्तक मी सीताबर्डीच्या दुकानातून आणलं. चांगलं विटेसारखं जाड, चकाकतं कव्हर, त्यावर परदेशातल्या कुठल्याशा पुलावर पळणारा काळ्या कोटातला माणूस. मला वाटलं, हा गुन्हेगार असेल. पहिल्याच पानावर कळलं की हाच आपला जमादार. मधल्या काळात लेखकाच्या पुस्तकांवर मालिका निघाली होती, तो मोठा झाला होता आणि आता त्याने हेरकथा लिहिली होती. ओटा चढताना ज्याचे गुडघे वाजायचे तो गच्च्यांवरून उड्या मारत होता, तीन भाषा बोलत होता. दर दोन पानांनी एक नवं शहर, आणि प्रत्येक शहरात एक बंदूक, तिच्या पूर्ण नावानिशी. मी हरतऱ्हेचे आवाज काढले. विमानाचा काढला, सायलेन्सरवाल्या पिस्तुलाचाही काढला. तो काढायला फार सोपा, कारण ऐकूच येत नाही. पण बस पेंगायला लागली. समोरच्या सीटवरच्या अकाउंट्सच्या ताई, ज्या आधी वाचनात खोकलासुद्धा दाबायच्या, त्या आता पिशवीतून वटाणे काढून सोलू लागल्या. ड्रायव्हरने एकदा रेडिओ लावला आणि कुणी त्याला बंद करायला सांगितलं नाही.

भाऊ तेवढे जागे होते. त्यांना एक गोष्ट सापडली होती. तिसऱ्या प्रकरणात जमादाराने हॉटेलात चहा मागवला आणि त्यात दोन चमचे साखर घालून ढवळली. मी ते वाचून पुढे गेलो होतो. भाऊंनी मला थांबवून ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं, आणि त्यानंतर रोज ते पुढे झुकून ऐकू लागले.

शनिवारी नाव लावायची वेळ आली. बाकीच्यांनी उरकून टाकलं. ताईंनी वटाणे सोलता सोलता ‘जो कोणी असन तो’ असं नाव लावलं. भाऊ उठून उभे राहिले, वरचा दांडा धरला आणि म्हणाले, “हा आपला जमादार नाहीच. हा नकली माणूस आहे. खरा कुठंतरी कोंडून ठेवला असन. साखर घेते म्हणजे काय? लेखकानं तिथंच सांगून टाकलं आपल्याले.”

बस एकदम ताठ बसली. वटाणे थांबले. मग सगळेच बोलायला लागले. गुडघे का वाजत नाहीत, तीन भाषा कुठून आल्या, गावातल्या एकाही माणसाची आठवण कशी निघत नाही. इतके दिवस जे आम्हाला वाईट लिखाण वाटत होतं, ते सगळं एका फटक्यात पुरावा होऊन बसलं. मी तर मनातल्या मनात लेखकाची माफी मागितली. केवढा पोचलेला माणूस, आणि आपण त्याच्यावर शंका घेतली.

रविवारी जेवण झाल्यावर मी शेवटचं प्रकरण उघडलं. जमादार खराच होता. शिवाय गुन्हेगारही तोच होता. तो म्हणे पहिल्यापासूनच परक्या देशाचा हेर होता, सगळ्या जुन्या पुस्तकांत, त्या ओट्यांवर बसून चहा पितानासुद्धा. आम्ही ज्याच्यासोबत इतकी वर्षं हिंगण्याला गेलो, त्याने कुठल्याशा बँकेत पैसे साठवून देश विकला होता. मी साखर शोधली. पानं मागे-पुढे केली. साखरेचा परत उल्लेख नव्हता. ती खूण नव्हती, काहीच नव्हती. आपल्या माणसाला मधुमेह आहे हे लेखक विसरला होता, बस.

माझं तोंड बघून बायकोने विचारलं, कोण गेलं?

आता मला जे सुचलं ते मोठं अक्कलहुशारीचं वाटलं. सोमवारी मी गादीवर बसलो, पुस्तक उघडलं आणि भाऊंचा शेवट वाचायला लागलो. म्हणजे वाचण्याचं नाटक करायला लागलो. नकली जमादाराचा मुखवटा उतरवला, खऱ्याला एका तळघरातून सोडवला, त्याला लगेच बिनसाखरेचा चहा पाजला आणि तोंड वाकडं करायला लावलं. रंगत गेलो. हिंगणा टी-पॉइंट यायच्या आत टाळ्या पडल्या, भाऊंना लोकांनी अक्षरशः ढकलत नेऊन दाराजवळच्या सीटवर बसवलं. त्यांनी खिडकीची काच सरकवली, वाऱ्याकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. इतकं समाधानी तोंड मी कारखान्यात कधी बघितलेलं नाही.

तेवढ्यात समोरून ताई म्हणाल्या, “पान नाही पलटवलं गा तू.”

मी म्हणालो, काय?

“सुरू केलं तवापासून एकच पान उघडून बसला. मी पाहून राहिली न. एवढं सारं एकाच पानावर होतं?”

गेज लावून दुसऱ्यांच्या केसाएवढ्या चुका पकडणारा मी. अख्खा शेवट घडवला, आणि पान उलटायचं विसरलो. मी तेव्हा घाईघाईने एक पान उलटलं. त्याने काय व्हायचं ते झालं. सगळी बस हसली. भाऊ हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला आणि मी पुस्तक दिलं.

त्यांनी चष्मा लावून शेवटचं प्रकरण मनातल्या मनात वाचलं. मेट्रोचे खांब एकामागून एक मागे जात होते. त्यांच्या तोंडावर आम्ही वाचत होतो. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्यासारखीच पानं मागे-पुढे केली.

“साखरेचं काहीच नाही लिहिलं,” ते म्हणाले.

“विसरला असन, भाऊ.”

“विसरला?” त्यांनी पुस्तक मिटलं. “मी इतक्या वर्षांत त्याचं काही विसरलो नाही. आन तो विसरला.”

मग माझ्याकडे बघून, आवाज न चढवता म्हणाले, “त्यानं फसवलं ते फसवलं. तू काहून फसवलं? मले लहान पोरगं समजला काय?”

उठले, खिडकीची काच लावली आणि चालत्या बसमध्ये दांडे धरत आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसले. टाळ्या वाजवणारे हात आता पाय आवरून त्यांना वाट देत होते. आठवडाभर ती दाराजवळची सीट रिकामी राहिली. कुणाचंच नाव बरोबर नव्हतं.

त्या रविवारी मी सीताबर्डीला पुस्तक परत करायला गेलो. दुकानदार हसला आणि काउंटरखालची थप्पी दाखवली. म्हणाला, सगळे हेच म्हणून राहिले, कोणाकोणाचं परत घेऊ. वाचकांच्या ग्रुपवरही तेच चाललं होतं. कुणी लेखकाला शिव्या देत होतं, कुणी म्हणत होतं की लेखकाने बदलायचंच नाही का. बदल ना बाबा, तीन भाषा शिकव, परदेशात ने. पण आम्ही ज्या ओट्यांवर बसलो होतो ते तरी मागे जाऊन उकरू नकोस. हे मी लिहिलंही होतं ग्रुपवर. मग पुसून टाकलं. खोटा शेवट वाचणाऱ्याने कुठल्या तोंडाने बोलायचं?

भाऊंच्या शेवटच्या दिवशी शाल झाली, नारळ झाला. संध्याकाळी बसमध्ये सगळ्यांनी त्यांना दाराजवळची सीट दिली. ते म्हणाले, “जिंकलो नाही मी,” आणि आपल्या जागेवर बसले. मी गादीवर बसू की नको, असा उभाच होतो. त्यांनी पिशवीतून जमादाराचं पहिलं पुस्तक काढलं, शिलाई सुटलेलं, आणि हातोहात माझ्यापर्यंत पोचवलं. म्हणाले, वाच.

मी वाचायला लागलो. सुरुवातीलाच जमादार एका ओट्यावर बसतो आणि बिनसाखरेचा चहा मागतो. हे वाक्य बसमध्ये सगळ्यांना पाठ होतं. पण या वेळी ते वाचताना त्याच्यामागे कुठली तरी परदेशी बँक दिसायला लागली, आणि माझा आवाज नेहमीसारखा लागला नाही. ताईंनी मान खाली घातली होती. मी वर बघितलं तर भाऊ माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. त्यांची नजर माझ्या बोटांवर होती.

पान संपलं. मी ते उलटलं, हात चांगला उंच करून, त्यांना दिसेल असं.