शिरूरला रेल्वे जात नाही

माझी सगळी नोकरी रेल्वेचं इंजिन चालवण्यात गेली. हल्ली आम्हाला लोको पायलट म्हणतात. दौंडात अजून ड्रायव्हरच म्हणतात आणि मला तेच बरं वाटतं. अख्खी गाडी मागे लावून मी सोलापूर गाठलं, मनमाड गाठलं. बायकोचं माहेर मात्र शिरूरला, आणि शिरूरला रेल्वे जात नाही. तिला न्यायला दर वेळी तिचा भाऊ कार घेऊन यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "दाजी, तुमची गाडी आमच्याकडं कवा येणार?" मी हसायचो. मागच्या सीटवर फरसाणाच्या पिशव्यांना टेकून सासुरवाडीला जाणाऱ्या जावयाला दुसरं काय करता येतं?

मी रिटायर झालो आणि बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. एसटीची पायरी तिला चढवेना. मेहुण्याचे फेरे वाढले, तसा त्याच्या तोंडाचा पट्टाही. एके दिवशी मी ठरवून टाकलं, आता हिला माहेरी न्यायचं ते मीच, माझ्या हातानं. त्यासाठी आधी लायसन हवं होतं.

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी विचारलं, "आबा, आधी काय चालवलंय?" मी म्हटलं, "इंजिन." ते एकदम सावरून बसले. हा मान पहिल्या वळणापर्यंत टिकला. इंजिनाला स्टिअरिंग नसतं. वळण आलं की रूळ वळतात, ड्रायव्हरनं बसून राहायचं. मी तसाच बसून राहिलो आणि समोरून उसाची ट्रॉली आली.

"आबा, ही आपली आपण वळत न्हाई, वळवाय लागती!" मास्तरांनी स्टिअरिंगवर झडप घातली.

रिव्हर्सचंही तेच. गाडीची दिशा बदलायची असेल तर आम्ही इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावतो. दौंडला तर निम्मी हयात त्यातच गेली. मान वळवून मागे बघत मागे जाणं मला अजूनही जरा कमीपणाचं वाटतं. त्यात क्लच नावाचं प्रकरण. गाडीनं इतके आचके दिले की मास्तरच थकले. "तुम्ही ॲटोमॅटिकच घ्या. डाव्या पायाला कामच न्हाई," म्हणाले.

एक जुनी ॲटोमॅटिक घेतली. मेहुण्याचा लगेच फोन. "ॲटोमॅटिक व्हय? ती तर बायामाणसांची गाडी, दाजी. तिचं लायसनबी अर्धंच मिळत असंल." माझ्या डोक्यात तिडीक गेली. चौकशी केली तेव्हा कळलं, लायसनच्या कार्डावर गिअरचं काही लिहिलेलंच नसतं. परीक्षा कुठल्याही कारवर द्या, कार्ड एकच. हे मी त्याला सांगितलं नाही. आधी मिळायला तर हवं.

कुरकुंभच्या एमआयडीसीतले रस्ते सुट्टीच्या दिवशी मोकळे असतात, तिथे सराव सुरू झाला. मास्तर माझ्या डावीकडे, बायको मागे. आता इंजिनात एक रीत असते. सिग्नल दिसला की ड्रायव्हरनं मोठ्यानं सांगायचा, आणि असिस्टंटनं तोच मोठ्यानं परत म्हणायचा. दोघांनी बघितल्याशिवाय खरं नाही. त्या सवयीनं मी चौकात थांबून म्हटलं, "रस्ता मोकळा!" मास्तर माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मागून बायकोनं उत्तर दिलं, "मोकळा!" आणि मी गाडी हलवली. पुढे तेच चालू राहिलं. मास्तरांनीही हरकत घेतली नाही.

परीक्षेच्या दिवशी बायकोला मैदानाबाहेर लिंबाच्या झाडाखाली उभं केलं होतं. डावीकडे परीक्षा घेणारे आरटीओचे साहेब बसले. मी पट्टा लावला, आरसे बघितले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "रस्ता मोकळा!"

मग थांबलो.

"काका, कशाची वाट बघताय?"

"तुम्ही म्हणायची."

"मी काय म्हणायचं?"

एवढ्यात झाडाखालून हाक आली, "मोकळा हाय, जावा!" आणि माझा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर गेला. परीक्षेत बाहेरून मदत घेतलेला मी त्या दिवसातला एकटाच उमेदवार असेन. नापास झालो, हे सांगायला नकोच.

दुसऱ्या खेपेला मी मनात विचारलं, मनातच उत्तर दिलं आणि पास झालो.

कार्ड पोस्टानं घरी आलं त्याच आठवड्यात आम्ही शिरूरला निघालो. आता ती पुढे, माझ्या डावीकडे. चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो. मी बेतानंच चालवत होतो. आम्हाला कांद्याचे पिकअप मागे टाकून गेले, दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल गेली, एक ट्रॅक्टरसुद्धा गेला. "डाव्या हाताला म्हस," ती म्हणायची. "म्हैस," मी म्हणायचो. न्हावऱ्यात चहा प्यायलो, तिचा पाय आखडला म्हणून वाटेत आणखी दोनदा थांबलो. शिरूरला पोचलो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती.

मेहुणा फाटकातच उभा. "दाजी, किती ह्यो उशीर! ताटं वाढून बसलोय कवाची!"

माझं उत्तर तयार होतं. अर्ध्या लायसनचं पूर्ण कार्ड त्याच्या नाकासमोर धरायचं, म्हणून मी खिशात हात घातला. तेवढ्यात ती दाराला धरून खाली उतरली आणि भावाला म्हणाली, "हुंदे उशीर. आजपतुर ह्यांच्या गाडीला उशीर झाला की मी घरी एकटीच बसून असायची. कुठं अडकलेत, काय झालंय, कायबी कळायचं न्हाई. आज पयल्यांदाच मी संगं हुते."

मी कार्ड खिशातच राहू दिलं, आणि तिचा हात धरून तिला एक एक पायरी चढवत घरात नेलं.