नळाचा भाव

माझ्या आईसारखी भाव करणारी बाई अख्ख्या बालाघाटात नव्हती. कटंगीची लेक ती, बाजारातच वाढलेली. भाजीवाल्यानं भाव सांगितला की आधी हसायची, मग निम्मा सांगायची आणि पिशवी सावरून सरळ चालू लागायची. "ओ बाई, आओ, ले जाओ!" अशी हाक मागून आली नाही, असं कधी झालं नाही. मोहल्ल्यात कुणाला लुगडं घ्यायचं असलं की आई सोबत हवीच. मला काय तोरा होता त्याचा!

त्याच कलेनं आमचा घात केला. आजही आठवलं की डोकं फिरतं.

आमचा मोहल्ला बौद्धांचा, घरोघर बिड्या वळायच्या. मोहल्ल्याला विहीर होती, पण होळी झाली की तिचा तळ दिसायचा. मग जायचं पलीकडच्या विहिरीवर. ती सरकारी, सगळ्यांची. कायद्यानं कुणी अडवू शकत नव्हतं आणि अडवतही नव्हतं; फक्त ओट्यावर चढू देत नव्हते. आपण घागर घेऊन खाली उभं राहायचं. वरच्या बाईला सवड झाली, मर्जी झाली, तर ती वरून धार सोडणार. निम्मं पाणी घागरीत, निम्मं अंगावर. आम्ही धर्म बदलला, घरातले देव गेले, तो ओटा मात्र होता तिथंच. बाजारात कुणाचं ऐकून न घेणारी माझी आई तिथं मान खाली घालून उभी असायची.

"काहून उभी राह्यतं वो तिथं?" मी चिडायची.

"तुह्या बापाले तहान लागते म्हणून," ती म्हणायची आणि ओलं लुगडं पिळायला लागायची.

मी मिडल स्कूलात होते तेव्हा नळ येणार अशी बातमी आली. त्या सकाळी आई बाबांना म्हणाली, "नळ येत असन त मी पायातले वाळे इकीन. पण त्या ओट्याखाली नाई जाणार आता." चांदीचे वाळे, माहेरचे.

दुपारी नगरपालिकेचा बाबू सायकलवरून आला. सगळ्यांना चौकात बोलावून विचारलं, "नल लगेगा तो महीने का कितना दोगे?"

बायांनी आईला पुढं ढकललं. "तूच बोल वो!"

आई हसली. ते हसणं बघूनच मी सावध व्हायला हवं होतं, पण मीही खूशच होते.

"एक रुपया."

"बस?"

"बस. पाणीच त आहे बाबू, दूध थोडीच आहे!"

सगळा चौक हसला. मग काय, कुणी बारा आणे म्हणालं, कुणी आठ. आईनं पदर सावरला आणि पाठ फिरवून चालू लागली. पावलं मात्र हळू. मला हळूच म्हणाली, "आता बलावते पाह्य."

बाबूनं सगळं लिहून घेतलं, पेन खिशाला लावला आणि निघून गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! पण आम्हाला कसं कळावं? तुम्ही किती द्याल, असं आजवर फक्त दुकानदारांनी विचारलं होतं. सरकार खरंच उत्तर ऐकायला आलंय, हे कुणाच्या बापाला ठाऊक!

नळ गेला स्टेशनकडच्या मोहल्ल्यात. तिथल्यांनी म्हणे पहिल्या फटक्यात पाच रुपये सांगितले होते. आणि पुढं भरले का? कशाचे! "पानी का भी कोई पैसा लेता है?" म्हणून बाबूशीच भांडत बसले. नळ मात्र धो धो वाहत होता.

आई वाळे पदराच्या गाठीत बांधून कचेरीत गेली. मी सोबत होते. "पाच देतो बाबू. सात देतो," ती म्हणाली. तिनं स्वतःहून भाव वाढवलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

बाबू वाईट माणूस नव्हता. शांतपणे म्हणाला, "माई, तुम्हारे मोहल्ले की हैसियत ही एक रुपये की है. तुम्हीं ने तो बताया था."

आमची हैसियत! गाठ सोडून ते वाळे त्याच्या टेबलावर आपटावेत असं मला झालं. आईनं माझा हात धरला आणि बाहेर आणलं.

त्या उन्हाळ्यात ती पुन्हा त्या ओट्याखाली उभी राहिली. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही.

बाजारात आम्ही जातच होतो. एकदा वांगीवाल्यानं अव्वाच्या सव्वा भाव सांगितला. आई मुकाट्यानं पैसे काढायला लागली. मी तिला कोपरानं ढोसलं. "आई, निम्मं सांग ना! चाल, उठू."

"मांगते तेवढं देऊन टाक," ती म्हणाली. "उठून गेला त?"