सुनंदाबाईंचा अंदाज

मंदी माणसाला लखलखीत करते — पॉलिशचा ड्रम हळकुंडाला करतो तसं. हे वाक्य माझं आहे. मंदीत करिअर कसं टिकवावं, या विषयावर आसपासच्या कॉलेजांतून मला बोलावतात, शाल-नारळ देतात, आणि मी हे वाक्य म्हणतो. पोरं वहीत उतरवून घेतात. त्या ड्रमात हळकुंडाची साल जाते आणि वजन घटतं, एवढं सांगायचं मी टाळतो. आणखीही एक गोष्ट टाळतो. ती आजवर कुणालाच सांगितलेली नाही — बायकोलासुद्धा नाही, आणि तिच्यापासून काही लपवणं सोपं नाही. तुम्हाला सांगतो. का, ते विचारू नका. मलाही नीट माहीत नाही.

वसमतला हळद घेऊन बाहेर पाठवणाऱ्या एका कंपनीत मी दर्जा तपासायचो. आमच्या खोलीला सगळे लॅब म्हणत, कारण तिथे एक यंत्र होतं आणि मी पांढरा कोट घालायचो. यंत्र ओलावा मोजायचं. हळद ओली राहिली तर पोत्यात बुरशी धरते आणि माल परत येतो, म्हणून तो आकडा मोलाचा. माझ्या समोर सुनंदाबाई बसायच्या. त्यांना कोट नव्हता. त्या पोत्यातून एक हळकुंड घ्यायच्या, कानाजवळ नेऊन मोडायच्या आणि क्षणभर थांबून म्हणायच्या, "अकरा टक्के असंल, सर."

अकराच असायचं.

यंत्राचं तसं नव्हतं. आभाळ भरून आलं की ते तेरा दाखवायचं. तोच नमुना पुन्हा घातला की दहा. मग मी काय करायचो? — आधी बाईंना विचारायचो, आणि यंत्र त्यांच्याशी सहमत होईपर्यंत नमुने घालत राहायचो. रजिस्टरवर सही माझी. कित्येक वर्षं एकही गाडी परत आली नाही, आणि लॅब चोख आहे असं वरपर्यंत बोललं जाऊ लागलं. मी ते नाकारलं नाही. पण मी सांगतोय तो गुन्हा हा नव्हे. ही नुसती त्याची तयारी होती.

मग बाजार बसला. बाहेरच्या ऑर्डरी थांबल्या, एक पाळी बंद झाली, आणि पुण्याहून मोठे साहेब आले. मंडपात खुर्च्या मांडल्या होत्या. साहेब म्हणाले, आपण सगळे एक कुटुंब आहोत. त्या कुटुंबातली बरीच माणसं कमी करायला ते आले होते. पुढे म्हणाले, "अंदाजाचे दिवस संपले. आता फक्त डेटा." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल एक पान लिहून द्यायचं होतं, आणि त्या पानावरून ठरणार होतं. लॅबमध्ये दोघांपैकी एकालाच ठेवणार होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सुनंदाबाई कोरा कागद घेऊन आल्या.

"सर, माझं बी तुमीच लिवा. बोलायला लावा, दिवसभर बोलंन. लिवायचं म्हणलं की सगळं उडून जातं बघा."

"माझंच अजून लिहायचंय," मी म्हणालो.

"तुमचं काय, तुमी पुस्तकं वाचून राहिले रोज. तुमाला काहून तकलीफ होईल?" मग कागद माझ्यापुढे सरकवत, "पोरगी नांदेडला नर्सिंगला हाय, सर. पहिलंच साल हाय. तेवढं नीट लिवा."

बघा — ज्याच्याविरुद्ध त्या उभ्या होत्या त्याच्याच हातात त्यांनी कागद दिला. त्यांना कळत नव्हतं का? कळत होतं. पण मी अप्रामाणिक असेन, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं.

मी लिहिलं. पहिलं वाक्य असं होतं: 'हळकुंडाच्या आवाजावरून ओलावा अचूक सांगतात.' ते मी खोडलं. दुसरा कागद घेतला आणि लिहिलं: 'हळकुंडाच्या आवाजावरून ओलाव्याचा अंदाज सांगतात.'

एका शब्दाचा तर फरक. पण आमच्याकडे, मोंढ्याच्या बाजारात, एखाद्याला अंदाज आहे म्हणणं म्हणजे त्याच्या बोटांना सलाम करणं. तो शब्द म्हातारे व्यापारी जपून वापरतात. पुण्याच्या साहेबांसाठी त्याचा अर्थ एकच — अंधारात मारलेला दगड. दोन्ही अर्थ मला येत होते. त्या खोलीत दोन्ही येणारा मी एकटाच होतो. खोटं काही लिहिलं का? नाही. म्हणूनच तर ते जमलं.

आणि मी त्यांना ते वाचून दाखवलं. हे सांगायला मला सगळ्यात जड जातंय. 'अंदाज' या शब्दाशी आलो तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, "अंदाज लिवला ना? बराबर. तेच पाहिजे व्हतं."

माझ्या पानावर मी लिहिलं: 'यंत्राद्वारे अचूक मोजमाप.'

आठ दिवसांनी त्या गेल्या. जाताना पेढा देऊन गेल्या, माझी नोकरी राहिली म्हणून. पुढे नवं यंत्र आलं, ते बरोबर सांगतं. तेव्हा बाईंची गरज तशीही उरली नसती, असं मी म्हणू शकतो. पण ते दीड वर्षानंतर आलं. मधलं दीड वर्ष मी आकडे ठोकून दिले. त्यालाच खरा अंदाज म्हणतात, साहेबांच्या अर्थाने. त्याच काळात मला बढती मिळाली.

गेल्या महिन्यात हिंगोलीच्या बसस्टँडवर त्या भेटल्या. "जयभीम, सर," त्यांनीच हाक मारली. कुठल्याशा गोदामात कामाचं विचारायला आल्या होत्या. पोरगी शिक्षण सोडून घरी आलीय, लोकांच्या शेतात हळद काढायला दोघी जातात, हे त्यांनी मी विचारल्यावर सांगितलं. मग पिशवीतून एक कागद काढला. त्या पानाची झेरॉक्स, माझं अक्षर. त्यांनी तो लॅमिनेशन करून घेतला होता.

"जिथं जाते तिथं दाखवते. वाचतेत, चांगलं हाय म्हणतेत, कळवतो म्हणतेत. घेत कुणीच न्हाई. काहून असंल, सर?"

मला काहून ते माहीत होतं. जगात ते माहीत असलेला एकमेव माणूस त्यांनी बरोबर शोधला होता.

"मंदी आहे, सुनंदाबाई," मी म्हणालो.

"व्हय," त्या म्हणाल्या, आणि कागद पुसून पिशवीत ठेवला.

वसमतची गाडी लागली. गर्दी होती. मला जागा मिळाली.