निळ्या डब्यातली ज्वारी

हे मी आजवर कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. बहिणीच्या नाही, मुलीच्या नाही. देवापुढे एकदा सुरुवात केली होती, पण तिथेही मध्येच आरती लावून टाकली. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही समोर नाही. समोर माणूस असलं की माझी जीभ टाळूला चिकटते. चौथीत माझी शाळा सुटली, तेव्हा गुरुजींनी विचारलं म्हणे – ही मुलगी आपल्या वर्गात होती का?

आधी वरच्या खोलीचं सांगते. त्याशिवाय माझं पाप कळायचं नाही.

आमचे हे परतूरला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवदेव करतात, यांनी रेल्वे आणली. खेळण्यातली म्हटलं की रागावतात, मॉडेल म्हणायचं. दोन दिवाणांएवढं टेबल, त्यावर रूळ, सिग्नल, फाटक, आणि हुबेहूब आमचं परतूर स्टेशन. जोडीला कांतिलालशेठ, कापडदुकानवाले. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले, पण बोलणं आमच्यापेक्षा पक्कं परतूरचं. दुकान मुलाच्या हवाली करून रोज दुपारी आमच्या जिन्याखाली चपला काढणार म्हणजे काढणार.

दोघांचं दुःख एकच. काय असेल? तब्येत? मुलं? छे – मालगाडीचे डबे! बाजारात मॉडेलचे डबे मिळतात ते सगळे जुन्या जमान्याचे. आणि संध्याकाळी हे दोघं रेल्वे फाटकाशी उभे राहून बघतात ते वेगळंच. कंटेनर लादलेले बुटके सपाट डबे, सिमेंटचे नवे लांब बंद डबे. बघून यायचे आणि टेबलाकडे पाहून सुस्कारे टाकायचे.

“फाटकावर काय चालून राह्यलंय, अन् आपल्या यार्डात काय? आजोबाच्या टायमाचे डबे!” शेठजी म्हणायचे. “हे म्हंजे दुकानात अजून मांजरपाटच विकल्यासारखं झालं की, फिटरसाहेब.”

शेवटी दोघांनी एका मॉडेल बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. महिनाभर खपले. स्टेशनात मालगाडी थांबली की लांबूनच अंदाज घ्यायचे, घरी येऊन पट्टीने चित्रं काढायचे. नऊ पानं झाली. मुलगी फोनवर म्हणाली, फोटो काढून पाठवा ना. पण यांचं म्हणणं, मापाची चित्रं कागदावरच गेली पाहिजेत. मी बाजारात निघालेच होते, तर पाकीट माझ्या पिशवीत घातलं.

आता इथे माझा हात थांबतो. चहा करून येते.

आले.

पोस्टात गर्दी होती. खिडकीतल्या माणसाने पाकीट वजनाला लावलं आणि विचारलं – रजिस्टर की स्पीड पोस्ट? चांगलं हळू विचारलं हो, त्याचा काही दोष नाही. फॉर्म पुढे केला. माझ्यामागे सात-आठ माणसं. माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग – आणि सगळ्यांदेखत लिहायचं? मी म्हटलं, काहीतरी घरी राहिलं. पाकीट उचललं आणि सुटले.

घरी यांनी विचारलं, “टाकलं का?”

“टाकलं.”

एका शब्दाचं खोटं. दुसऱ्या दिवशी नेऊन टाकता आलं नसतं का? आलं असतं. तिसऱ्या दिवशी? तेव्हाही. मी ते ज्वारीच्या डब्यात तळाशी सरकवलं आणि वर ज्वारी ओतली.

मग हे वाट बघू लागले. पोस्टमनच्या वेळेला दारात. आधी उभे, नंतर खुर्ची टाकून. चार महिने. एक दिवस म्हणाले, “लहान गावच्या माणसाला कोन विचारतंय.” आणि टेबलावर जुनी चादर टाकली. ती चादर मला रोज झाडू मारताना दिसायची. पाकीट मात्र ज्वारीच्या डब्यात मजेत होतं.

बोलता येत नसलं तरी मला हात आहेत. आमच्या गल्लीत लग्न निघालं की रुखवत माझ्याकडे येतं. मुलीकडून मांडतात ना – पुठ्ठ्याची विहीर, काड्यांची पालखी, इवलीशी बैलगाडी – ते सगळं. मी पाकीट फोडलं. चित्रं बघितली आणि मनात आलं, अगं, हे तर बैलगाडीपेक्षा सोपं आहे!

हे बाजारात गेले की मी बसायची. पुठ्ठा कापला, बोथट सुईने कंटेनरच्या उभ्या घड्या उठवल्या, रुखवतातला निळा रंग दिला. डब्यावरची इंग्रजी अक्षरं चित्रात होती तशी काडीच्या टोकाने उतरवली. काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. चाकं यांच्या मोडतोडीच्या खोक्यातून घेतली. डबा हलका झाला, वळणावर कलंडायला लागला, म्हणून पोटात मूठभर ज्वारी भरली आणि खळीने बंद केला. पाकिटावरचा कंपनीचा पत्ता बघून बघून पार्सलवर पाठवणाऱ्याच्या जागी लिहिला. आणि म्हटलं, पोस्टमन देऊन गेला. नमुना असेल.

काय आनंद झाला म्हणून सांगू! चादर उडाली. भिंग लावून तासभर बघत होते. “याला म्हनतात कारखान्याचं काम! हातानं होनारं न्हाई हे, बिलकुल न्हाई.” मी चहाचा कप तोंडाला लावून हसू लपवलं. खरं सांगू? तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस होता. लग्नाचा धरूनसुद्धा.

इथे थांबलं असतं तर मी आज लिहायला बसले नसते.

दुपारी शेठजी आले, त्यांनी डबा हातात घेतला, उलटा केला, नाकाशी नेला. जन्म कापडात गेलेला माणूस, खळीचा वास त्यांना चुकतो का?

“फिटरसाहेब, ह्यो कंपनीचा न्हाई. घरी केल्याला हाय. चाकं बी आपलीच दिसून राह्यलीत.”

“शेठ, तुमच्या पोटात दुखून राह्यलंय. डबा माझ्या पत्त्यावर आला म्हनून!”

शब्दाला शब्द वाढला. मग शेठजी माझ्याकडे वळले. “वहिनी, तुमी सांगा. पोस्टमननं दिला का?”

दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते. तेवढी एक घटका होती माझ्या हातात.

“हो,” मी म्हटलं. “पोस्टमननंच दिला.”

शेठजी डबा टेबलावर ठेवून उठले. जिना उतरले, चपला घातल्या आणि गेले. खरं बोलणाऱ्या माणसाला मी त्याच्या तीस वर्षांच्या मित्रासमोर खोटं पाडलं. त्यानंतर दीड वर्ष आमच्या जिन्याखाली एकच चपलांचा जोड होता. हे फाटकावर एकटे जायचे, लवकर परत यायचे. विचारलं तर म्हणायचे, गाडी लेट हाय. रोज कशी लेट असेल? मला कळत होतं. 

मागच्या महिन्यात शेठजी आले. नातीच्या लग्नाचं आमंत्रण – ते घरी येऊनच द्यावं लागतं, अबोला असला तरी. हे आधी आखडले, मग म्हणाले, “आलात तर वर या की.” गाडी सुरू केली. निळा डबा वळणावर आला, जरा हिसका बसला आणि पोखरलेल्या पुठ्ठ्यातून रुळावर पडले – किडे! ज्वारीतले काळे सोंडे, दोन. स्वयंपाकघरातल्या ज्वारीत मी कडुलिंबाचा पाला घालते, या निळ्या डब्यात विसरले होते.

यांचा चष्मा कपाळावर होता. शेठजींनी मात्र बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. 

त्यांनी बोटाने किडे हळूच टेबलाखाली ढकलले. “मालगाडीत माल भरून आलाय म्हना की.”

“काय म्हनलात?”

“कुटं काय. झकास चालून राह्यली.” मग मला म्हणाले, “वहिनी, आमच्यात रुखवत नसतं, पन नात म्हनती मैत्रिणींवानी पायजे. तुमीच करा. अन् त्यात एक मालगाडी करा. नव्या डब्यांची.”

हे मोठ्याने हसले. “हिला काय जमनार हो! इंजन कुटं अन् गार्डाचा डबा कुटं, कळत न्हाई हिला.”

“बघू की,” शेठजी म्हणाले.

लग्न परवा आहे. रुखवताची गाडी काल पुरी झाली. पाच डबे, तीन कंटेनरचे निळे, दोन सिमेंटचे. यावेळी पोटात बारीक खडी भरली, ज्वारी नाही. डब्यावर बनवणाऱ्याचं नाव असतं त्या चौकोनात मी माझं नाव लिहिलं – मराठीत, मुंग्यांच्या रांगेसारखं. ती गाडी आज वर नेऊन जुन्या निळ्या डब्याच्या मागे रुळावर उभी केली. शेजारी ते फोडलेलं पाकीट ठेवलं, नऊच्या नऊ पानं.

हे आत्ता फाटकावर गेलेत. शेठजीही बरोबर आहेत. आले की दोघं वर जातील, आणि यांना सवय आहे – आधी भिंग.

पत्र मी टाकलं नाही. शेठजींना मी खोटं पाडलं. पोस्टमन त्या दिवशी आमच्या गल्लीत आलाच नव्हता.

खाली चपला वाजल्या. दोन जोड.