खांबावरची मुकी पेटी

जिनेंद्र मगदूम कुरुंदवाडचा. शेती भावानं सांभाळली आणि हा शिरोली एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात नदीची पातळी मोजणाऱ्या पेट्या बनवायला लागला. पेटीत बोटभर संगणक, त्यावर लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली. पाणी खुणेवर चढलं की पेटीनं गावात भोंगा वाजवायचा आणि तालुक्याला निरोप धाडायचा.

निरोपात कुणी खोडसाळपणा करू नये म्हणून पेटी सुरू होताना आधी स्वतःची गुप्त किल्ली, म्हणजे निरोपावर मारायचा आकड्यांचा शिक्का, तयार करी; तोवर बाकी सगळं थांबलेलं. तिला कुणाला ओळखता येणार नाहीत असे आकडे लागत, आणि ते संगणक आजूबाजूच्या गडबडीतनं गोळा करतो. कुणी बटणं दाबली, नेटवर्कवरनं काही आलं-गेलं. कारखान्यात टेबलावर गडबडीला तोटा नव्हता. नदीकाठच्या खांबावर पेटीला कोण हात लावणार? जिनेंद्रनं एकदा शिवारात लावून बघितली, तर पाऊण तास मुकी.

त्यानं मालक विजयसिंहांना सांगितलं, "साहेब, आकडे देणारी चिप बसवूया. न्हायतर आठवडाभर द्या, प्रोग्रामात भोंगा किल्लीच्या आधी घेतो."

"सोमवारी पेट्या बसायच्या हायत. टेबलावर चालतीय न्हवं? मग चाचणीवर सही कर की."

त्यानं सही केली.

ऑगस्टात कृष्णा फुगली. शिरोळकडच्या एका गावात वीज गेली, पेटीची बॅटरीही बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी वीज आली, पेटी उठली आणि आकड्यांसाठी अडून बसली. तेवढ्यात ओढ्यातनं पाणी उलटलं. भोंगा झाला की जनावरं सोडायची, असं गावात ठरलेलं. बायडाबाई निर्धास्तपणे दूध घालायला गेल्या होत्या. भोंगा वाजला तेव्हा त्यांच्या दोन्ही म्हशी दाव्यालाच बुडाल्या होत्या.

पाणी ओसरल्यावर जिनेंद्र तिथं गेला.

"पावणं, तुमची पेटी काय करत हुती?" बायडाबाईंनी विचारलं.

"वाट बघत हुती, मावशी."

"माझ्या म्हशीबी वाटच बघत हुत्या की."



चौकशीत मालकांनी त्याच्या सहीचा कागद पुढं केला. नोकरी गेली. पुढं पेट्यांत चिपा बसल्या आणि मालकांचा सत्कारही झाला. त्याचा जिनेंद्रला फारसा राग आला नाही. घरी बसून त्यानं जुना प्रोग्राम उघडला होता. भोंगा वाजवायला किल्ली लागतच नव्हती. भोंग्याच्या दोन ओळी तेवढ्या किल्लीच्या वर सरकवायच्या होत्या. त्या कामाला ना आठवडा लागला असता, ना मालकाची परवानगी.